गाथा : एक की अनेक?

‘गाथा’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याच्याकडे आपण निरखून पाहतच नाही. तुकोबांची गाथा म्हटली, की साडेचार हजारांवर अभंगांचा जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे उभा राहतो. पण मुळात गाथा म्हणजे एकच पद्य. ‘गै’, म्हणजे गाणे, या धातूपासून आलेला हा शब्द.

हालाची ‘गाथासप्तशती’ पाहा. माहाराष्ट्री प्राकृतातली ही दोन-दोन ओळींची पद्ये. कुणा गृहिणीचा रुसवा, कुणा वाटसरूची तहान, गोदाकाठचे एखादे शेत; एका गाथेत एक चित्र, की संपले. सबंध संग्रहाला गाथा म्हणावे असे तेथे दिसत नाही. ते काम ‘सप्तशती’ने केले. बाणभट्ट तर सातवाहनाच्या या संग्रहाला ‘कोश’ म्हणतो. पारशी बंधूंकडे मात्र निराळे घडले. जरथुष्ट्राची 17 सूक्ते वृत्तांनुसार पाच गाथांत बांधली आहेत. म्हणजे तेथे गाण्याचे नाव गाण्यांच्या जुडीला मिळाले!

आपल्याकडेही तेच झाले. इंद्रायणीतून तरल्या त्या, परंपरेच्या तोंडी, ‘वह्या’च. 1869 साली सरकारी साहाय्याने छापलेल्या आवृत्तीवर मात्र ‘अभंगांची गाथा’ आहे, आणि वि. ल. भाव्यांनी 1919 मध्ये संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून काढला तो ‘अस्सल गाथा’. अभंगांची ‘ती’ गाथा आणि वारकऱ्यांचा ‘तो’ गाथा, दोन्ही सुखाने नांदतात. व्याकरणाने त्यात लुडबूड करू नये.

ज्ञानेश्वरीला कोणी गाथा म्हणत नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ती सलग आहे. एका ओवीचा हात धरून दुसरी येते. गाथेतला अभंग स्वतःच्या पायांवर उभा असतो. निरनिराळ्या वह्यांत अभंगांचा क्रमही निरनिराळा आहे. तरीही आमचे काही टीकाकार हे अभंग ओळीने मांडून त्यांतून तुकोबांच्या साधनेचा जिना रचतात: आधी तळमळ, मग संताप, शेवटी शांती. ही रचना मला पटत नाही. छापील आकड्यांचा क्रम तो कवीच्या मनाचा क्रम नव्हे. सकाळी देवाशी भांडलेला माणूस संध्याकाळी त्याच्या गळ्यात पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडतो. एकेक अभंग सुटा घेतला, मोठ्याने म्हटला, तरच हे ऐकू येते.

आता तर गाथेतले गाणेच गेले आहे. शौर्यगाथा, यशोगाथा, विकासगाथा! परवा एका कारखानदाराची यशोगाथा वाचली. नफ्यातोट्याचे तीन तक्ते होते. त्यांना चाल कोणती लावायची, ते मात्र लेखकाने सांगितले नव्हते.