ऋणनिर्देशाचे वाचन : तंत्रज्ञान-लोकशाहीविषयक गद्य आणि अभ्यासवृत्तीचा आश्रय

राजाश्रयाने काव्याला कोणते रूप दिले, हा प्रश्न मध्ययुगीन साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. आश्रयदात्याची स्तुती कोठे येते आणि कवी स्वतःला काय म्हणवतो, यावरून तो दरबाराचे अनुमान करतो. आजचे वैचारिक गद्य वाचताना मात्र ही दृष्टी आपण बाजूला ठेवतो. तंत्रज्ञान आणि लोकशाही यांच्या संबंधांवरील अलीकडच्या लेखनाचा बराच भाग अभ्यासवृत्त्यांच्या आधाराने झाला आहे. म्हणून त्यांतील ऋणनिर्देश हा संहितेचाच भाग मानून वाचता येतो का, हे येथे तपासावयाचे आहे.

रेबेका मॅकिनन यांचा ‘कन्सेंट ऑफ द नेटवर्क्ड’ (२०१२) हा ग्रंथ वॉशिंग्टनच्या न्यू अमेरिका फाउंडेशनमधील अभ्यासवृत्तीच्या काळात सिद्ध झाला. गूगलचे एरिक श्मिट तेव्हा या संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते आणि गूगल तिच्या देणगीदारांपैकी एक. तरीही या ग्रंथात गूगलच्या ‘बझ’ सेवेवर आणि खऱ्या नावाच्या सक्तीवर स्पष्ट टीका आहे. ‘ज्याचे खावे मीठ’ हा सोपा न्याय येथे लागू पडत नाही. आश्रयाची खूण शोधायचीच झाली तर ती रूपकात शोधावी लागते. शासितांच्या संमतीची कल्पना मॅकिनन आंतरजालाला लावतात. कंपन्या सार्वभौम सत्ता ठरतात, ‘फेसबुकिस्तान’सारखी नावे त्यातूनच येतात. रूपक समर्थ आहे, परंतु ते स्वीकारताच वाचक प्रजाजन होतो आणि सनद मागू लागतो. राज्य न्यायाने चालावे, ही मागणी ठळक होते. एवढे मोठे राज्य मुळात असावे का, हा प्रश्न तुलनेने मागे राहतो.

तो प्रश्न त्याच संस्थेत बॅरी लिन विचारत होते. मक्तेदारीवरील ‘कॉर्नर्ड’ (२०१०) हा ग्रंथ त्यांचा. जून २०१७मध्ये युरोपीय आयोगाने गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. लिन यांनी त्याचे जाहीर स्वागत केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर ते व त्यांचा गट संस्थेबाहेर पडल्याचे उघड झाले. देणगीदाराच्या दबावाचा आरोप संस्थेने नाकारला आणि लिन यांच्या वर्तनाकडे बोट दाखवले. लिन यांचे म्हणणे उलट होते. त्यांनाही याच संस्थेने अनेक वर्षे आश्रय दिला होता, हे विसरून चालणार नाही. या वादाचा निवाडा समीक्षकाने करू नये. त्याने एवढेच पाहावे की टीकेच्या तीव्रतेपेक्षा मागणीचे स्वरूप कदाचित अधिक जड ठरते.

आश्रयाची रचना बदलली की वाचकही बदलतो, याचा पडताळा दिल्लीत मिळतो. विकासशील समाज अध्ययन पीठात २०००मध्ये ‘सराय’ हा उपक्रम सुरू झाला. त्याच्या स्वतंत्र अभ्यासवृत्त्या विद्यापीठाबाहेरच्या लेखकांनाही खुल्या होत्या. इंग्रजीबरोबर हिंदीतही लिहिता येई आणि चालू काम इतरांसमोर वेळोवेळी ठेवावे लागे. या अटीचा परिणाम गद्यावर झाला, असे मला वाटते. येथे निवेदक कायदेकर्त्याला उद्देशून बोलत नाही, सहअभ्यासकाशी बोलतो. वाक्य निष्कर्षाआधीच थांबते. ‘दीवान-ए-सराय’च्या पहिल्या अंकापासून (२००२) हिंदीत या विषयाची एक बोलती परिभाषा घडू लागली. मात्र तपशिलाचा मोह हा या लेखनाचा दोषही आहे. बाजारातल्या नकली सीडीचे वर्णन रंगते, पण सत्तेचे नाव घेण्याची वेळ आली की लेखक गल्लीत वळतो. अमेरिकी गद्य याबाबतीत अधिक धीट आहे.

याला एक अपवाद नोंदवला पाहिजे. ‘अंकुर’ आणि सराय यांच्या सायबरमोहल्ला प्रयोगशाळांतील तरुणांनी लिहिलेले ‘बहुरूपिया शहर’ (२००७). रूढ अर्थाने ही अभ्यासवृत्ती नव्हे. पण वस्तीत संगणक आणि निवांत वेळ देणारी ती व्यवस्था होती. २००६मध्ये नांगला माची ही वस्ती पाडली गेली, तेव्हा रोजच्या टिपणाची सवय लागलेल्या या लेखकांच्या हातात तपशील हीच साक्ष झाली.

मराठी लेखकाला त्या व्यवस्थेत शिरायचे तर हिंदी किंवा इंग्रजीच्या दारातून जावे लागे. आपल्याकडे हा विषय मुख्यतः वृत्तपत्रीय सदरात येतो आणि सदराची लांबी विचाराची लांबी ठरवते. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. तेथे वर्षभर राहून, तेथल्या घरांतली भाषा प्रमाण मराठी नाही याचे भान ठेवून, मराठीत एक ग्रंथ लिहायचा तर त्या वर्षाचा खर्च कोणी उचलायचा, आणि ऋणनिर्देशात त्याचे नाव कोणत्या शब्दांत यायचे?