एका योजनेचे दोन प्रस्ताव

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनेव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत जो प्रस्ताव सादर केला, त्याभोवती आता एक आख्यायिकाच उभी राहिली आहे. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी मुखपृष्ठावर 'संदिग्ध, पण चित्तवेधक' अशा आशयाचा शेरा मारला, आणि पुढे विश्वव्यापी जाळे निर्माण झाल्यामुळे तो शेरा कौतुकमिश्रित हास्याचा विषय झाला. प्रस्ताव मुळातून वाचणाऱ्यास मात्र ती अचूक समीक्षा वाटावी.

प्रस्तावाचे सामर्थ्य समस्येच्या मांडणीत आहे. सर्नमधील माणसे बहुधा दोन वर्षांत बदलतात आणि त्यांच्याबरोबर माहितीही निघून जाते. वृक्षाकार वर्गीकरणाने वा सूचक शब्दांनी ती का हाती लागत नाही, याचे विवेचन अनुभवाच्या बळावर केलेले आहे. परंतु मागणीचा प्रश्न येताच लेखणी सैल पडते. दोन माणसे, सहा ते बारा महिने. कोणत्या महिन्यात काय दृष्टीस पडेल, याचा पत्ता नाही. मुखपृष्ठावरील वर्तुळे व बाण यांची आकृती तर ज्यास कल्पना आधीच पटली आहे त्यासच उमगावी.

१२ नोव्हेंबर १९९० चा, रॉबर्ट कायो यांच्यासह लिहिलेला प्रस्ताव याच्या अगदी उलट आहे. चार अभियंते व एक प्रोग्रॅमर, तीन-तीन महिन्यांचे दोन टप्पे. शिवाय ध्वनी व चलच्चित्रे यांच्या नादी योजना लागणार नाही, असे स्पष्ट निवेदन. आपण काय करणार नाही हे सांगण्याचे धैर्य प्रस्तावलेखकांत विरळा आढळते; अनुदानाच्या अर्जांत तर त्याहूनही विरळा.

तथापि या सुबकतेचे मोल द्यावे लागले. पहिल्या टप्प्यात केवळ वाचन आणि वाचकाने स्वतः नवा मजकूर व दुवे घालणे दुसऱ्यात, ही विभागणी व्यवस्थापनाच्या दृष्टीने निर्दोष होती. १९८९ च्या संदिग्ध टिपणात हे दोन व्यवहार असे तोडलेले नव्हते. बर्नर्स-ली यांनी नेक्स्ट यंत्रावर रचलेल्या पहिल्या ब्राउझरात लेखनाचीही सोय होती, पण ती यंत्रे थोड्यांजवळच होती. १९९१ मध्ये इतर यंत्रांसाठी पसरला तो साधा ब्राउझर वाचनापुरताच होता. १९९३ चा मोझेइकही मुख्यतः वाचकांचाच. वाचकास समोरच्याच पानावर लिहू देणारी वॉर्ड कनिंगहॅम यांची विकी १९९५ मध्ये आली, तीही सर्नबाहेरून.