विकल्पाचे मोल: येलदरीच्या जलाशयावरून एक चिकित्सा

सौद्यांच्या बाजारात वावरणाऱ्या व्यापारी वर्गात तीन वाद नित्य चालू असतात. विकल्पाची, म्हणजे बाजारात ज्याला ‘ऑप्शन’ म्हणतात त्याची, रास्त किंमत कोणती हा पहिला. वीज व इंधन यांचा खर्च कोणी सोसावयाचा हा दुसरा. आणि सौद्यांवरील कर न्याय्य की अन्याय्य हा तिसरा. हे तिन्ही वाद परस्परांहून स्वतंत्र समजून लढविले जातात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: थांबण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि त्या अधिकाराचे मोल कोण देतो? परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर जे येलदरीचे धरण उभे आहे, त्याच्या काठी हा प्रश्न मुंबईच्या बाजारापेक्षाही अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून ह्या वादांची चिकित्सा करताना तो जलाशय कसोटी म्हणून घेणे सोयीचे आहे.

१

विकल्प ही कल्पना परकीय आहे, असा एक समज ह्या वादांत वारंवार डोकावतो. तो टिकणारा नाही. १९५२ च्या वायदा करार नियमन कायद्यात आणि १९५६ च्या प्रतिभूती करार नियमन कायद्यात विकल्पाची व्याख्या करताना ‘तेजी’, ‘मंदी’, ‘तेजी-मंदी’ आणि ‘गल्ली’ हे देशी शब्द इंग्रजी शब्दांच्या बरोबरीने घातलेले आहेत. तेजी म्हणजे ठरल्या भावाने घेण्याचा अधिकार. मंदी म्हणजे ठरल्या भावाने विकण्याचा अधिकार. दोहोंतही अधिकार आहे, बंधन नाही, आणि त्या अधिकारापोटी आगाऊ रक्कम मोजावी लागते. कायद्याने हे शब्द नोंदविले ते त्या व्यवहारास मज्जाव करण्यासाठी. मुंबई इलाख्यात तर कापसातील विकल्पांना १९३९ च्या स्वतंत्र कायद्यानेच बंदी झालेली होती. शेअरबाजारातील विकल्पांवरील बंदी १९९५ मध्ये उठली, निर्देशांकावरील विकल्पांचे सौदे जून २००१ मध्ये सुरू झाले, आणि मालाच्या बाजारात सोन्यावरील विकल्प ऑक्टोबर २०१७ मध्ये आले.

बंदीच्या ह्या दीर्घ काळाचा परिणाम केवळ व्यवहारावर झाला नाही, विचारावरही झाला. ‘तेजी-मंदी’ ह्या शब्दाला सट्ट्याचा वास लागला, आणि त्यातील मूळ आशय, म्हणजे ‘थांबण्याच्या मुभेची किंमत’, विस्मृतीत गेला. विकल्प पुन्हा आले ते सूत्राच्या रूपाने आले.

२

ते सूत्र ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. मर्टन यांनी त्याच वर्षी त्याची उपपत्ती विस्तृत केली. त्याआधी १९०० मध्ये बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने सट्ट्याची उपपत्ती मांडताना ह्या विचाराचा पाया घातला होता. सूत्राला पाच गोष्टी लागतात: मालाचा चालू भाव, ठरलेला भाव, उरलेला काळ, व्याजाचा दर आणि भावाची अस्थिरता. पहिल्या चार प्रत्यक्ष दिसतात. पाचवी अजमासावी लागते. व्यापाऱ्यांचा बहुतेक वाद ह्या पाचव्या राशीभोवती फिरतो. एक पक्ष म्हणतो, सूत्र खोटे आहे, कारण बाजारातील किंमत त्याच्याशी जुळत नाही. दुसरा म्हणतो, बाजारातील किंमत हेच सत्य, सूत्र केवळ तिची भाषा.

दोन्ही पक्षांची चूक एकाच ठिकाणी आहे. सूत्राचे बळ त्याच्या आकड्यात नसून त्याच्या अटींत आहे. विकल्प देणारा मूळ माल जवळ बाळगून, भावाच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो कमीअधिक करीत राहिला तर त्याची जोखीम नाहीशी होते, हा त्याचा गाभा. म्हणजेच माल साठविता आला पाहिजे, खरेदी-विक्री अखंड चालली पाहिजे, आणि तिच्यावर ना खर्च पडला पाहिजे ना कर. ह्या अटी जेथे मोडतात तेथे सूत्राला खोटे म्हणणे जितके व्यर्थ, तितकेच त्याला प्रमाण मानणेही. अट कोठे मोडली आणि तिचा भार कोणावर पडला, हे शोधणे हेच टीकेचे काम होय.

३

विजेच्या बाबतीत पहिलीच अट मोडते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अद्यापि महाग आहे. म्हणून दुपारच्या विजेचा आणि संध्याकाळच्या विजेचा भाव जणू दोन निरनिराळ्या मालांचा भाव असतो. भारतात विजेचा विनिमय-बाजार २००८ मध्ये उभा राहिला आणि जुलै २०२५ मध्ये विजेचे वायदेही सुरू झाले. विजेच्या भावावर सूत्र जसेच्या तसे लावणारे हे विसरतात की, आज घेतलेली वीज उद्यापर्यंत हाती धरून ठेवता येत नाही.

पण पाणी धरून ठेवता येते. येलदरीच्या जलाशयाचा जिवंत साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर आहे, आणि धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटची तीन जनित्रे, म्हणजे एकंदर साडेबावीस मेगावॅटची वीजनिर्मिती आहे. समजा, एका तासाच्या पूर्ण निर्मितीचे पाणी दुपारी न सोडता संध्याकाळी सोडले, आणि दोन वेळांच्या भावांत युनिटमागे सहा रुपयांचे अंतर असले, तर साडेबावीस हजार युनिटांवर एक लक्ष पस्तीस हजार रुपयांचा फरक पडतो. जलाशय हा ह्या अर्थाने एक विकल्पच आहे: सोडण्याचा अधिकार आहे, अमुक घटकेलाच सोडण्याचे बंधन नाही. भाव जितका अस्थिर, तितके ह्या मुभेचे मोल अधिक.

तथापि हे साम्य ताणता येत नाही. येलदरीचे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी शेतात. पाणी सोडण्याचा निर्णय जलसंपदा विभागाचा, जनित्रे महानिर्मितीची, आणि पाण्याची निकड परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची. सिद्धेश्वरचा जिवंत साठा सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे येलदरीच्या एक दशांश. तेवढ्यापुरताच विजेचा काळ आणि सिंचनाचा काळ एकमेकांपासून अलग करता येतो. अतिवृष्टीत जलाशय भरला की दरवाजे उघडावेच लागतात. त्या क्षणी अधिकार संपून बंधन सुरू होते आणि विकल्पाचे मोल शून्यावर येते. सूत्रात विकल्पाचा धनी एक असतो. येथे तो तिघांत विभागलेला आहे, आणि एकाने थांबण्याची मुभा वापरली की तिची किंमत दुसऱ्याच्या उभ्या पिकातून वसूल होऊ शकते. हा दोष गणिताचा नव्हे. पण गणित करणाऱ्याने तो दृष्टीआड केला तर तो त्याचा दोष ठरतो.

४

कराच्या वादात व्यापाऱ्यांची बाजू सर्वस्वी पोकळ नाही. सौद्यांवरील कर १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. आरंभी त्याची वजावट थेट प्राप्तिकरातून मिळे. २००८ मध्ये ती जाऊन तो केवळ धंद्याचा खर्च ठरला. सर्वांत बोधप्रद उदाहरण विकल्प वठविण्यावरील कराचे आहे. ३१ ऑगस्ट २०१९ पर्यंत हा ०.१२५ टक्के कर विकल्पापासून मिळणाऱ्या रकमेवर नव्हे, तर सौद्याच्या पूर्ण भावावर बसे. निर्देशांक १०,००० वर असताना ९,९९० चा तेजीचा अधिकार मुदतीअखेर हाती असला, तर मिळकत दहा रुपये आणि कर साडेबारा रुपये. नफ्याचा अधिकार असा तोट्याचा होई. म्हणून जाणकार तो मुदतीपूर्वी मिळेल त्या भावाने विकून मोकळे होत आणि अजाणांच्या गळ्यात तो राही. सूत्रातील ‘कर शून्य’ ही अट मोडली की किंमत कशी वाकते, ह्याचा याहून स्वच्छ दाखला नाही. पुढे कर केवळ फरकाच्या रकमेवर बसू लागला, ही सुधारणा योग्यच होती.

परंतु ह्याच तर्काने वीज आणि डिझेल यांचाही विचार झाला पाहिजे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा ही दोन्ही त्याच्या बाहेर राहिली. परिणामी, सेलू-मानवतच्या जिनिंग कारखान्याने विजेवर भरलेल्या शुल्काची वजावट त्याला पुढे मिळत नाही. ते शुल्क मालाच्या खर्चात मुरते आणि अखेर कापसाच्या भावातून वळते होते. विकल्पावरील कराने बाजार आटतो असे म्हणणाऱ्यांनी ह्या मुरलेल्या कराकडे तितक्याच आस्थेने पाहावयास हवे. तो सौद्याच्या पावतीवर दिसत नाही, एवढ्यावरून तो हलका ठरत नाही.

५

थांबण्याची मुभा कोणाला किती महाग पडते, ह्याची दोन प्रमाणे पुढे आहेत. प्रतिभूती मंडळाच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व विकल्प यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि एकत्रित तोटा १.८ लक्ष कोटी रुपयांच्या वर होता. ज्यांना विकल्पाची गरज नाही अशांनी त्याचे मोल मोजले, असा ह्याचा अर्थ निघतो.

उलटपक्षी, ज्याला त्याची गरज आहे त्याला तो मिळालेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित झाले आणि ती स्थगिती पुनःपुन्हा वाढविली गेली. जिंतूरच्या सोयाबीन उत्पादकापाशी मग एकच ‘मंदी’ उरली: हमीभाव. तत्त्वतः ती उत्तम आहे, कारण तिचे मोल सरकारी तिजोरी देते. पण २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारभाव त्याच्या खाली राहिला, आणि खरेदी केंद्रापर्यंत माल पोहोचविता न आलेल्या शेतकऱ्याचा अधिकार कागदावरच राहिला. वठविता न येणारा विकल्प हा विकल्पच नव्हे, हे सूत्राच्या कोणत्याही अभ्यासकाला सांगावे लागू नये.

व्यापाऱ्यांच्या वादांचे मूल्यमापन ह्या कसोटीवर करावे लागेल. सूत्राविषयीची त्यांची समज सूक्ष्म आहे, कराविषयीची तक्रार अंशतः रास्त आहे, विजेच्या खर्चाची जाणीव खरी आहे. उणीव आहे ती तिन्ही एकत्र पाहण्याची. भावाची अस्थिरता हे ज्याला विकत घेता येते त्याच्यासाठी मोल असते आणि ज्याला टाळता येत नाही त्याच्यासाठी ओझे असते. येलदरीच्या खाली कालव्याच्या टोकाला पाण्याची वाट पाहणारा शेतकरीही थांबतोच. फक्त त्याच्या थांबण्याला कोणी किंमत लावीत नाही.