पुनरागमनाचा वाद व वऱ्हाडांतील मिशनचे कागद

तेल्हाऱ्याहून अडगांव फार दूर नाहीं. इ. स. १८०३ च्या नोव्हेंबरची २९ तारीख त्या गांवच्या शिवारानें इतिहासांत नेऊन बसविली, आणि तेव्हांपासून भोसले, शिंदे व वेलस्ली यांच्या पत्रव्यवहारांतील एकेका टिपणाची किंमत या मुलखाच्या अभ्यासकास ठाऊक आहे. फौजेचें कूच कोणत्या दिवशीं झालें, पत्र कोठें लिहिलें व कोठें पोंचलें, लिहिणाराचा हेतु काय, हें सर्व आपण काटेकोरपणें पाहतों. याच मुलखासंबंधानें कागदांची दुसरीही एक रास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, अमरावती, खामगांव येथें ठाणीं करून राहिलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचीं पत्रें, अहवाल व पुस्तकें ती ही रास. तिच्या वाट्यास मात्र हा काटेकोरपणा येत नाहीं.

हे कागद वापरणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एकास दुष्काळाचें वर्णन हवें असतें, दुसऱ्यास बाप्तिस्म्यांचे आकडे. येशू ख्रिस्त लवकरच परत येणार, काळ थोडा उरला आहे, असा मजकूर आला कीं दोघेही पान उलटतात. हें त्यांचें धर्मवेड, त्याचा इतिहासाशीं काय संबंध, अशी समजूत. आमचा आक्षेप या पान उलटण्यावर आहे. निदान अकोल्याच्या मिशनच्या बाबतींत तरी टाकून दिलेला भाग हीच बाकीच्या कागदांची किल्ली आहे.

वाद काय आहे तें आधीं सांगितलें पाहिजे, कारण मराठी वाचकास तो सहसा परिचित नसतो. नव्या कराराच्या शेवटच्या ग्रंथांत, प्रकटीकरणांत, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. राज्य आधीं व ख्रिस्त मागाहून, कीं ख्रिस्त आधीं व राज्य मागाहून, हा पहिला प्रश्न. (हें सर्व रूपक समजावें, असें म्हणणारा तिसरा पक्ष आगस्तीनापासून आहे, त्याचें येथें प्रयोजन नाहीं.) पहिल्या पक्षाच्या मतें सुवार्ता, शिक्षण व सुधारणा यांच्या योगें जग हळूहळू निवळत जाईल आणि निवळलेल्या जगांत राजा पाऊल ठेवील. दुसऱ्याच्या मतें जग बिघडतच जाणार. राजा स्वतः येईल तेव्हांच तें सुधारेल. या दुसऱ्या पक्षांत पुन्हा घरचें भांडण आहे. राजा येण्यापूर्वीं पृथ्वीवर मोठें संकट येणार हें दोघांसही मान्य. परंतु विश्वासणाऱ्यांची मंडळी त्या संकटाच्या आधींच आकाशांत उचलली जाईल, कीं संकट सोसून झाल्यावर? दानिएल संदेष्ट्याच्या सत्तर सप्तकांपैकीं शेवटचें सप्तक, म्हणजे सात वर्षें, हीच त्या संकटाची मुदत, असा हिशेब धरून हा वाद चालतो.

इ. स. १८३० नंतरच्या दशकांत जॉन नेल्सन डार्बी यानें ‘आधीं’ हें मत पद्धतशीर मांडलें. त्याच्याच पंथांतील बेंजामिन न्यूटन यानें तें नाकारलें. ब्रिस्टल येथील प्रसिद्ध अनाथाश्रमाचे चालक जॉर्ज म्यूलर, ज्यांच्या चरित्राचा ठसा पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या कार्यावर उमटला आहे, तेही ‘नंतर’ याच बाजूचे. अमेरिकेंत नायगारा येथें भरणारी शास्त्राध्ययनाची वार्षिक परिषद विसाव्या शतकाच्या तोंडावर मोडली, तिच्या मोडण्यांत या वादाचा मोठा हात होता. पुढें १९०९ सालीं स्कोफील्ड यांची टीपांसह छापलेली बायबल निघाली आणि ‘आधीं’ हें मत इतकें फैलावलें कीं पुष्कळांस तें मूळ संहितेंतच आहे असें वाटूं लागलें. टीप व संहिता एका पानावर छापल्यानें काय होतें, हें पोथ्या चाळणारांस वेगळें सांगावयास नको.

मराठी मुलखाचा या विषयाशीं संबंध वऱ्हाडांतील मिशनहून पुष्कळ जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे आद्य प्रवर्तक गॉर्डन हॉल व सॅम्युएल न्यूएल यांच्या नांवानें १८१८ सालीं अमेरिकेंत एक पुस्तक छापून निघालें. ख्रिस्ती न झालेलीं साठ कोटि माणसें, दर वीस हजारांस एक मिशनरी, म्हणजे तीस हजार मिशनरी, असा त्यांतला अजमास. एखाद्या कमाविसदारानें परगण्याच्या जमेचा अजमास करावा त्या थाटांत जगाच्या धर्मांतराचा हा ताळेबंद मांडलेला आहे. जग माणसांच्या प्रयत्नानेंच बदलेल, या विश्वासावांचून असला हिशेब कोणी करीत नाहीं. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १८३३ सालीं, जोसेफ वुल्फ नांवाचा यहुदी कुळांतला ख्रिस्ती प्रवासी मुंबईस आला. त्याचा हिशेब निराळा होता. १८४७ सालीं ख्रिस्त येणार, असें त्यानें जाहीर केलेलें होतें. तें साल आलें व गेलें, आणि आपण साल ठरविलें ही चूक झाली असें त्यानें पुढें कबूल केलें. मुंबई बंदरांत दोन्ही पक्षांचे हिशेबनीस उतरले, ही गोष्ट ‘मिशन’ या एका शब्दांत सर्वांस कोंबणारांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. न्यूयॉर्कचे पाळक ए. बी. सिम्प्सन यांनीं १८८७ सालीं दोन मंडळें काढलीं. १८९७ सालीं तीं एक होऊन ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ हें नांव पडलें. अकोल्याचें मिशन तें हेंच. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, बरें करणारा व येणारा राजा, हीं चार कलमें त्यांच्या उपदेशाचा सांगाडा. पैकीं चवथ्याचा आधार मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांत आहे. सर्व राष्ट्रांस साक्ष मिळाल्यावर शेवट होईल, या आशयाच्या तेथील वचनावरून सिम्प्सन यांनीं असें अनुमान काढलें कीं, साक्ष पुरी करणें माणसाच्या हातीं असल्यामुळें राजाचें येणें जवळ आणणेंही कांहीं अंशीं माणसाच्या हातीं आहे.

येथें ‘साक्ष’ हा शब्द तोलून पाहिला पाहिजे. साक्ष म्हणजे धर्मांतर नव्हे. गांवानें ऐकलें पाहिजे. ऐकून काय केलें हा त्या गांवचा प्रश्न. हिवाळ्यांत तंबू घेऊन निघावें, तेल्हाऱ्यासारख्या ठिकाणीं आठवड्याच्या बाजारांत उभें राहून सांगावें, चार पुस्तिका खपवाव्या आणि दुसऱ्या दिवशीं पुढचें गांव गांठावें, हा जो फेरा, तो ‘फळ’ मोजणारास वायफळ वाटतो. साक्ष पुरी करावयास निघालेल्या माणसाच्या लेखीं मात्र त्या दिवशीं यादींतलें एक गांव कमी झालेलें असतें. नागपुरास हिस्लॉप कॉलेज निघालें, मुंबईस विल्सन कॉलेज होतें, मग अलायन्सवाल्यांनीं अकोल्यास कॉलेज कां काढलें नाहीं, हा प्रश्न आम्हीं विद्वानांच्या तोंडून ऐकला आहे. पैसा नव्हता, विद्वत्ता नव्हती, अशीं उत्तरेंही ऐकलीं आहेत. कॉलेजास पिढी लागते, आणि आपल्या हातीं पिढी आहे असें या लोकांस वाटत नव्हतें, हें उत्तर त्यांच्याच कागदांत असतां दुसरें शोधण्याचें कारण दिसत नाहीं.

परंतु या किल्लीनें सर्वच कुलुपें उघडतात असें समजणें हीही चूक होईल. जग बुडणारच असें मानणारा मनुष्य जगाची डागडुजी करीत नाहीं, असा सिद्धान्त हल्लीं सरसकट मांडण्यांत येतो. त्यास अकोल्यांतच अपवाद आहे, आणि तो लहान नाहीं. जेनी फ्रो ही अमेरिकन तरुणी १८७० नंतरच्या दशकांत नॉर्टन दांपत्याबरोबर एलिचपुरास आली, पुढें मार्कस फुलर यांच्याशीं तिचा विवाह झाला व अकोला हें तिच्या कामाचें ठिकाण झालें. हिंदी स्त्रियांवरील अन्यायांसंबंधीं तिचें इंग्रजी पुस्तक १९०० सालीं प्रसिद्ध झालें. पंडिता रमाबाईंनीं त्यास प्रस्तावना लिहिली. त्याच सालीं लेखिका वारली. बालविवाह, सक्तीचें वैधव्य, मुरळ्या सोडण्याची चाल हे त्याचे विषय. त्यांत सरकारच्या कायद्यांची चर्चा आहे, सुधारकांच्या लेखांचा आधार आहे, आणि लोकमत बदलावें अशी तळमळ आहे. राजा उद्यां येणार असेल तर कायदा कशास?

याचें उत्तर ‘विसंगति’ असें देऊन मोकळें होतां येईल. आम्हांस तें पटत नाहीं. राजा येणार म्हणून घर झाडून ठेवणारा गडी आणि राजा येणार म्हणून हातपाय पसरून बसणारा गडी, दोघेही एकच बातमी ऐकून तसे वागतात. बातमीवरून वर्तन ठरत नाहीं; मनुष्य राजास काय दाखवूं इच्छितो यावरून ठरतें. फुलरबाईंच्या पुस्तकाचा खरा दोष दुसराच आहे. त्यांचा भर मुंबई-पुण्याच्या सुधारकी वाङ्मयावर व उच्च वर्णांच्या चालींवर इतका आहे कीं, ज्या वऱ्हाडांत त्या राहिल्या तेथील निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बाईचें चित्र त्यांतून पुरतें उभें राहत नाहीं.

दुष्काळाचीही गोष्ट अशीच. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं वऱ्हाड होरपळलें. १८९१ च्या खानेसुमारींत २८ लाख ९७ हजार असलेली वस्ती १९०१ सालीं २७ लाख ५४ हजारांवर आली. दुष्काळ व रोगराई हीं शेवटच्या काळाचीं चिन्हें, असें शुभवर्तमान वाचणाऱ्या मिशनऱ्यास न वाटतें तरच नवल. पण चिन्ह म्हणून ज्याकडे पाहिलें त्याच दुष्काळानें त्याच्या पदरांत पोरकीं मुलें टाकलीं. मुलास अन्न, मग अक्षर, मग हातास धंदा, मग लग्न, मग घर. तंबू घेऊन हिंडणाऱ्या मिशनला अनाथालयाच्या भिंतींनीं एका जागीं बसविलें. कॉलेज काढण्यास ज्यांस पिढीची सवड नव्हती त्यांस पिढी वाढविणें भाग पडलें.

आतां उचलले जाण्याच्या वेळेसंबंधीं. अमेरिकन व पुनरागमनवादी, म्हणजे डार्बीच्या मताचे, असें समीकरण धरून या कागदांचा अर्थ लावण्यांत येतो. तें निराधार आहे. १९०६ सालीं अलायन्सच्या परिषदेनें आपलीं मतें ठरविलीं, तेव्हां हजार वर्षांच्या आधीं पुनरागमन हें कलम कायम धरलें. परंतु ख्रिस्तविरोधी, महासंकट, दानिएलाचें शेवटलें सप्तक, मंडळीचें उचललें जाणें यांविषयीं उपदेशकांस मतस्वातंत्र्य दिलें व त्यावरून भांडण करण्यास मनाई केली. म्हणून अकोल्याच्या एखाद्या पत्रांत ‘प्रभु लवकर येईल’ असें दिसलें तर लेखक ‘आधीं’वाला कीं ‘नंतर’वाला हें त्यावरून ठरत नाहीं, स्वतंत्र पुरावा लागतो.

मराठी भाषेनें या वादांत नकळत एक साक्ष देऊन ठेवली आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांतील वचनावर सर्व वाद उभा आहे. तेथील ग्रीक क्रियापदाचा अर्थ झडप घालून नेणें असा जोरकस आहे; लॅटिन भाषांतरांतील शब्दावरून इंग्रजी ‘रॅप्चर’ निघाला. प्रचलित मराठी शास्त्रांत ‘घेतलें जाणें’ एवढेंच सौम्य रूप आहे. परंतु त्याच वाक्यांतील ‘अपान्तेसिस’ या ग्रीक नामास मराठीनें ‘सामोरें होणें’ हा प्रयोग दिला, तो मोलाचा आहे. पौल रोमजवळ पोंचला तेव्हां तेथील बंधु बाहेर कांहीं कोस येऊन भेटले व त्यास घेऊन शहरांत गेले. तेथेंही ग्रीकांत हेंच नाम आहे. पेशवाईच्या कागदांत कोण कोणास कोठवर सामोरा गेला याची नोंद मानासाठीं ठेवीत. वऱ्हाड शिवेवर आलें म्हणजे वधूकडील मंडळी सामोरी जातात, सीमान्तपूजन होतें, आणि सगळे वाजतगाजत वधूच्याच गांवांत शिरतात. सामोरा गेलेला मनुष्य पाहुण्यास घेऊन परत येतो. पाहुण्याबरोबर पाहुण्याच्या गांवीं निघून जात नाहीं. मराठी कानास हें वचन ‘नंतर’वाल्यांच्या बाजूनेंच ऐकूं येईल. यावर ‘आधीं’वाल्यांचें उत्तर तयार आहे: मंडळी ही सामोरें जाणारी सोयरीक नसून स्वतः वधू आहे, आणि वधू सासरींच जाते. उत्तर चतुर आहे, पण तें या वचनांतून निघत नाहीं, इतर वचनांची जोड दिल्यावर निघतें.

तथापि भाषांतरकारांनीं पक्ष धरून हा शब्द योजला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं चांगला मराठी शब्द वापरला, इतकेंच. १८२६ चा मुंबईचा नवा करार, १९२४ सालीं पुरें छापून निघालेलें रमाबाईंचें भाषांतर व मधल्या आवृत्त्या या एका वचनापुरत्या कोणी शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहिल्या, तर शब्द कोठें बदलला व कोणाच्या हातून, हें दाखवितां येईल.

१९५३ सालीं यवतमाळ येथें निरनिराळ्या मिशनांनीं मिळून युनियन बिब्लिकल सेमिनरी काढली व १९८३ सालीं ती पुण्यास गेली. थोड्या काळासाठीं आलों असें समजणाऱ्यांच्या वारसांनीं दीर्घ मुदतीची संस्था उभारली, ही हकीकत वरच्या अनाथालयाच्या हकीकतीचाच पुढचा भाग म्हणून वाचली पाहिजे. अकोट-तेल्हारा बाजूच्या ख्रिस्ती घरांतून जुनीं मराठी शास्त्रें असतील, आणि त्यांच्या समासांत दानिएल व प्रकटीकरण यांजवर पेन्सिलीनें केलेले हिशेबही असतील. ज्यांच्या पाहण्यांत ते येतील त्यांनीं ते आवृत्तीच्या सालासह जसेच्या तसे उतरून घ्यावे. आंकडा चुकलेला दिसला तरी दुरुस्त करूं नये.