खापराची साक्ष आणि आपली घाई

हडप्पाकालीन माणूस काय जेवत होता, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे दोनदा मोठ्या मथळ्यांनी छापून आले. हरियाणातील फरमाणा येथील भांड्यांवर हळद आणि आले यांचे पिष्टकण मिळाल्याचे अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी २०१० मध्ये मांडले, आणि पुढे ‘जगातली जुनी करी’ गाजली. डिसेंबर २०२० मध्ये अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांनी वायव्य भारतातील सात स्थळांवरच्या १७२ खापरांमधील स्निग्ध अंश तपासला. त्यांत प्राणिज मेदांचे प्राबल्य दिसले. लगेच ‘हडप्पावासी मांसाहारी’ हा मथळा आला. गंमत अशी, की फरमाणाची खापरे या दोन्ही अभ्यासांत आहेत.

मग खरे कोणते? दोन्ही खरे आहेत. खोटी आहे ती आपली घाई.

झिलई नसलेले, भाजलेल्या मातीचे भांडे रंध्रमय असते. शिजवताना चरबी त्या रंध्रांत मुरते आणि हजारो वर्षे टिकू शकते. खापराच्या आतल्या बाजूची भुकटी काढून तीमधील पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, की दूध, रवंथ करणाऱ्या जनावरांची चरबी आणि इतरांची चरबी यांत फरक करता येतो. पद्धत पक्की आहे, पण तिची नजर एकाच दिशेला आहे. गहू, जव, डाळी यांत मेद मुळातच कमी. रोज डाळ आणि महिन्यातून एकदा मटण शिजणाऱ्या मडक्यात मटणच बोलेल.

या अभ्यासात अनेक खापरांची मूल्ये डुकरासारख्या, म्हणजे रवंथ न करणाऱ्या प्राण्यांच्या मेदाशी जुळतात. पण या स्थळांवरच्या पाळीव जनावरांच्या हाडांत डुक्कर जेमतेम दोन-तीन टक्के आणि गाय-म्हैस निम्म्याच्या आसपास. ही विसंगती संशोधकांनी लपवलेली नाही. वनस्पतिज आणि प्राणिज मेद एकाच भांड्यात मिसळले, तरी असे आकडे येऊ शकतात, ही शक्यता त्यांनीच मांडली आहे. मथळ्यांनी नेमके तेच वगळले.

माझा आक्षेप मात्र केवळ वृत्तपत्रांवर नाही. तो उत्खननाच्या सवयींवरही आहे. खापर वर आले, की आपण ते बादलीत बुडवून ब्रशने घासतो, कारण आपल्याला घाट आणि नक्षी पाहायची असते. भिंतीत मुरलेली चरबी या घासण्यातून बरीचशी वाचते. पृष्ठभागावरचे पिष्टकण मात्र धुऊन जातात. म्हणजे मांसाची साक्ष आपण राखतो आणि भाजीची पुसून टाकतो. नंतर त्याच पुराव्यावरून पूर्वजांच्या ताटाचा निवाडा करतो.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक थरातील काही खापरे न धुता, प्लॅस्टिकऐवजी ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळून ठेवावीत. सोबत आजूबाजूची मूठभर माती तुलनेसाठी जपावी. एकाच खापरावर पिष्टकण आणि मेद या दोन्ही चाचण्या कराव्यात आणि हाडांचा व धान्यांचा हिशेब शेजारी मांडावा.

आहार हा आपल्याकडे आज वादाचा, कधी हाणामारीचा विषय आहे. अशा वेळी चार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्याला कोणत्याही बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करण्याचा मोह होतो. मडके खोटे बोलत नाही. पण त्याला जेवढे विचारले, तेवढेच ते सांगते.