स्टडलीची पेटी

जगभरातल्या हौशी सुतारांच्या कार्यशाळांत एक पोस्टर हमखास दिसतं. 'फाइन वुडवर्किंग' या अमेरिकी नियतकालिकानं ते काढलं. त्यात महोगनीची एक पेटी सताड उघडी आहे आणि आत पटाश्या, रंधे, कॅलिपर, गुण्ये, पाने, हातोड्या इतक्या दाटीनं बसवल्या आहेत की मोकळी जागा शोधावी लागते. ही हेन्री ओ. स्टडली यांची हत्यारांची पेटी. पोस्टर देखणं आहे, पण माझ्या मते त्यानं या पेटीवर थोडा अन्यायच केला आहे. ते पाहून वाटतं की काय आहे ते सगळं डोळ्यांसमोर आहे. खरं तर तो दर्शनी थर आहे. त्याच्या मागे दुसरा आहे, बऱ्याच ठिकाणी तिसराही. पेटीची खरी करामत खोलीत आहे आणि छायाचित्रातून नेमकी तीच निसटते.

बंद पेटी अंदाजे 40 इंच उंच, 20 इंच रुंद आणि साडेनऊ इंच जाड. पुस्तकासारखी मधून उघडते, म्हणजे एकेका अर्ध्या भागाला पाच इंचही खोली मिळत नाही. एवढ्यात अडीचशे ते तीनशे हत्यारं बसतात (कोणता तुकडा स्वतंत्र हत्यार धरायचा यावर आकडा हलतो). भरलेल्या पेटीचं वजन सत्तर किलोच्या घरात जातं आणि ती भिंतीवर टांगायची असते! लाकूडकाम ज्यानं केलं असेल त्याला इथेच घाम फुटेल. एवढा भार पेलायचा तर फळ्या जाड हव्यात आणि फळ्या जाड केल्या तर हत्यारांची जागा जाते. स्टडली यांनी आतल्या फळ्या जाडीला अगदी बेताच्या ठेवल्या. भाराची जबाबदारी त्यांनी सांध्यांवर टाकली.

स्टडली यांचा जन्म 1838 चा, मॅसॅच्युसेट्समधला. यादवी युद्धात ते सैन्यात होते. पुढे आयुष्यभर त्यांनी वाद्यं बनवली. आधी ऑर्गनच्या कारखान्यात, नंतर पूल पियानो कंपनीत. 1925 मध्ये क्विन्सी गावी ते वारले. त्यांचा धंदा लक्षात ठेवला नाही तर ही पेटी कळायची नाही. उभा पियानो बाहेरून पाहिला तर एक गुळगुळीत कपाट. पुढची फळी काढली की आत हातोड्या, तारा, दाबपट्ट्या, नमदे, बारीक बिजागऱ्या यांची हजारो तुकड्यांची वस्ती. एकेक भाग दुसऱ्याच्या मागे, तरीही दुरुस्तीसाठी हात पोचेल अशा बेतानं बसवलेला. दिवसभर असली यंत्रणा जुळवणाऱ्या माणसानं स्वतःच्या हत्यारांसाठी पेटी केली, तेव्हा त्यानं तीच रचना वापरली. या पेटीला मी आवाज नसलेला पियानो म्हणतो. सामग्रीही त्याच घराण्यातली आहे. आबनूस काळ्या पट्ट्यांचा, हस्तिदंत पांढऱ्या पट्ट्यांवरचा, महोगनी आणि शिसवी कपाटाची, वर सजावटीला मोतीशिंप. पियानोच्या कारखान्यात या गोष्टी रोज हाताखालून जात.

डाव्या भागात एक कोनाडा आहे. आबनुसाची टोकदार कमान, दोन्ही बाजूंना नाजूक खांब, आणि आत स्टॅन्ली कंपनीचा एक नंबरचा रंधा. हा स्टॅन्लीच्या क्रमांकित मालिकेतला सर्वांत छोटा रंधा, जेमतेम साडेपाच इंच लांब, मुठीत मावेल एवढा. देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तसा तो तिथे बसवला आहे. पहिल्यांदा ते पाहून हसू येतं, एवढ्याशा रंध्याला एवढी आरास कशाला? मग मोजमाप लक्षात येतं. कमानीची उंची रंध्याच्या मुठीला बेतली आहे, खांबांमधलं अंतर त्याच्या रुंदीला. रंधा आत सरकला की खांबच त्याला धरून ठेवतात. आरास आणि अडकण एकच आहे. मला ही जागा सगळ्या पेटीत श्रेष्ठ वाटते, कारण शोभा काढून टाकली तर रंधा खाली पडेल.

सगळीकडे हे साधलेलं नाही, हेही म्हटलं पाहिजे. काही ठिकाणी मोतीशिंपेची ठिगळं केवळ आहे म्हणून लावल्यासारखी दिसतात. फ्रीमेसन मंडळींचं गुण्या-कंपासाचं चिन्हही आत आहे. ते मात्र शोभतं, कारण पेटीत खरे गुण्ये आणि खरे कंपास शेजारीच आहेत. हस्तिदंताकडे आज निर्मळ मनानं पाहता येत नाही. त्या काळच्या पियानोच्या धंद्यानं हत्तींचे कळपच्या कळप संपवले, आणि या पेटीतल्या पांढऱ्या टिकल्या त्याच हिशेबातल्या आहेत.

आता थरांकडे वळू. दर्शनी हत्यारांची एक चौकट बिजागरीवर उचलली जाते आणि तिच्या मागे दुसरी रांग उभी असते. दुसरी चौकट बाजूला वळते. गिरमिटाची पाती ओळीनं लावलेली फळी दारासारखी बाहेर येते. प्रत्येक चौकटीची जाडी तिच्यावरच्या सर्वांत जाड हत्याराएवढी आणि मागच्या रांगेतली हत्यारं पुढच्या रांगेच्या फटींत शिरतील अशी. म्हणजे एका थराचे उंचवटे दुसऱ्याच्या खोलगटीत बसतात. हे कागदावर आखून होत नाही. हत्यारं हातात घेऊन, शेजारी-शेजारी मांडून, फिरवून बघावं लागतं, आणि एक हलवलं की दहा हलतात. बरं, कारागीर जन्मभर नवी हत्यारं घेत असतो, स्वतः घडवतही असतो. स्टडली यांनीही कित्येक स्वतः घडवली. म्हणजे ही जुळवणी एकदा करून संपत नाही.

प्रत्येक हत्याराची खाच त्याच्याच आकाराची. कॅलिपरच्या वक्राला वक्र, पटाशीच्या मुठीला गोलाई, वर छोटी फिरकी किंवा चिमटा. ज्यांनी ही पेटी हाताळली ते सांगतात की हत्यार जागेवर गेलं की 'टक्' असा आवाज येतो. त्या 'टक्'मध्ये अर्ध्या मिलिमीटरचाही हलगर्जीपणा खपत नाही. खाच सैल असेल तर आवाज येणार नाही, घट्ट असेल तर हत्यार ओढून काढावं लागेल. शिवाय रिकामी खाच लगेच दिसते. संध्याकाळी काम आवरताना मोजदाद करायची गरज नाही. एखादी पकड कुणी उचलून नेली असेल तर तिचाच आकार तिथे बोंब मारेल. त्या काळी कारागिराची हत्यारं त्याच्या स्वतःच्या मालकीची असत, ती गेली तर रोजगार गेला. तेव्हा अशा पेटीत चोरीवरची नजरही आहे, पण ती नजर कुलपाची नाही.

कुलपाची परंपरा अर्थातच जुनी. आंद्रे जाकॉब रूबो या पॅरिसच्या सुतारानं 1769 पासून 'लार द्यु मन्युझिये' हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यातलं जाड फळीचं कामाचं टेबल आजही लोक बनवतात. त्या टेबलाच्या फळीखाली, एका टोकाला, बारीकसारीक हत्यारांसाठी एक खण आहे. बाकीचं टेबल ठोकायला, रंधायला, भार झेलायला. खण तेवढा खासगी. या परंपरेच्या दुसऱ्या टोकाला जर्मन कारागीर डेव्हिड रोएंटगेनचं कपाट, 1779 च्या सुमारास प्रशियाच्या राजघराण्याकडे गेलेलं, आता बर्लिनच्या कुन्स्टगेवेर्बे संग्रहालयात असलेलं. किल्ली फिरवली की फळ्या सरकतात, चोरकप्पे उडी मारून बाहेर येतात. ते पाहणाऱ्याला थक्क करण्यासाठी रचलेलं नाटक आहे, आणि नाटक म्हणून अव्वल आहे. मला मात्र त्यात एक गोष्ट खटकते. त्या कप्प्यांत काय ठेवायचं याचा विचार कुठे दिसत नाही. कप्पे आधी झाले, गुपितं नंतर शोधायची. आपल्याकडच्या मुनीमजींच्या उतरत्या झाकणाच्या डेस्कातला चोरकप्पा यापेक्षा प्रामाणिक, त्यात निदान रोकड असायची.

स्टडली यांच्याकडे क्रम उलटा आहे. वस्तू आधी, जागा नंतर. म्हणूनच त्यांचं लपवणं लपवल्यासारखं वाटत नाही. मागच्या थरातली हत्यारं पुढच्यांना जागा करून देण्यासाठी मागे सरकली आहेत, एवढंच. आणि बाहेरून? साधी लाकडी पेटी. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या सुतारांची ती रीतच होती. पेटीची बाहेरची बाजू साधी, रंग फासलेली, आणि झाकणाच्या आत मालकाची सगळी हौस. बाहेरची बाजू गाडीवर आदळायची, आतली फक्त ज्याच्या हातात किल्ली त्याच्यासाठी.

ही पेटी काही वर्षं स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात मांडलेली होती, आता खासगी मालकीत आहे. डॉन विल्यम्स यांनी तिचा तपशीलवार अभ्यास करून 2015 मध्ये 'व्हर्चुओसो' हे पुस्तक काढलं. ज्यांना पोस्टरच्या पलीकडे जायचंय त्यांनी ते पाहावं. एकेक चौकट उचलून काढलेली छायाचित्रं त्यात आहेत. पुस्तकात स्टडली यांचं कामाचं टेबलही आहे. पेटीच्या दिमाखापुढे लोक त्याच्याकडे बघत नाहीत, मी बराच वेळ बघतो. त्याची मूळची फळी आणि दोन शेगडे (माल पकडून धरायचे जबडे) राहिले आहेत, खालचा भाग नंतरचा. फळी लाकडाचे थर एकमेकांवर चिकटवून केलेली, सपाट, निर्विकार. शेगड्यांना दांडीऐवजी जहाजाच्या सुकाणूसारखी चाकं आहेत, वर निकेलचा मुलामा. पियानोवाल्यांत असे चाकाचे शेगडे चालत, कारण दांडी सरकून मालावर आपटते, चाक आपटत नाही. शिवाय एका बोटानं ढकललं तरी ते वजनाच्या जोरावर फिरत राहतं आणि जबडा मिटत येतो. दुसरा हात तोवर पेटीकडे जायला मोकळा.