लाटेचें चरित्र आणि माशाचें चरित्र

चरित्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादा थोर पुरुष उभा राहतो. त्याचा जन्म, विद्याभ्यास, कर्तृत्व आणि अंत हा क्रमहि ठरलेला असतो. आज ज्या दोन इंग्रजी पुस्तकांविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्यांपैकीं एकाचा नायक मासा आहे. दुसऱ्याचा नायक म्हणावयास मनुष्य असला तरी त्यांतील खरी नायिका लाट आहे. पहिलें पुस्तक मार्क कुर्लान्स्की यांचें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेलें 'कॉड'. जग बदलून टाकणाऱ्या माशाचें चरित्र असें त्यास ग्रंथकारानेंच म्हटलें आहे. दुसरें विल्यम फिनेगन यांचें 'बार्बेरियन डेज' हें आत्मचरित्र. तें २०१५ सालीं निघालें, आणि २०१६ सालीं त्यास चरित्रग्रंथांसाठीं असलेलें पुलित्झर पारितोषिक मिळालें. हीं दोन्ही पुस्तकें आम्हीं एकाच सुटींत एकामागून एक वाचलीं हा योगायोग. पण त्यामुळें मनांत उभा राहिलेला प्रश्न योगायोगाचा नाहीं. ज्या समुद्रापासून आपण आनंद घेतों, त्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं? आणि लागत असल्यास त्या आनंदाचें वाङ्मय लिहिणारानें त्याची आठवण ठेवावी कीं नाहीं?

प्रथम एक कबुली देणें अवश्य आहे. आम्ही घाटावरचे. समुद्राशीं आमचा परिचय पुस्तकांतून आणि सुटींतल्या चार-दोन सहलींतून झालेला. गुडघ्यापेक्षां खोल पाण्यांत आम्हीं कधीं पाऊल टाकलेलें नाहीं. तेव्हां लाटेवर स्वार होणाऱ्या मनुष्याची परीक्षा आम्हीं करावी, हें पोहतां न येणारानें नावाड्यास धडे देण्यासारखें आहे असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. परंतु येथें परीक्षण फिनेगन यांच्या लिहिण्याचें आहे, पोहण्याचें नव्हे.

फळीवर उभें राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून घसरत येण्याच्या खेळास सर्फिंग म्हणतात. त्याचें माहेर पॅसिफिक महासागरांतील बेटें, विशेषेंकरून हवाई. जॅक लंडन यानें १९०७ सालीं वायकीकीच्या किनाऱ्यावर हा खेळ पाहिला, स्वतः शिकण्याचा यत्न केला, उन्हानें अंग भाजून घेतलें, आणि १९११ सालच्या 'द क्रूझ ऑफ द स्नार्क' या प्रवासग्रंथांत त्याचें मोठ्या उत्साहानें वर्णन केलें. पुढें लाटेच्या शोधांत देशोदेशीं हिंडणाऱ्यांचें एक लहानसें वाङ्मयच इंग्रजींत निर्माण झालें. आमच्या वाचनांत आलेल्या अशा पुस्तकांत फिनेगन यांचें पुस्तक निःसंशय सर्वांत प्रौढ आहे.

१९५२ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मलेले फिनेगन कॅलिफोर्नियांत वाढले, १९६६ सालीं आईबापांबरोबर होनोलुलूस गेले, आणि पंचविशीच्या सुमारास एका मित्रासह सामोआ, टोंगा, फिजी, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया असा लाटांचा माग काढीत निघाले. या पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे त्यांतील निरीक्षण. सामान्य मनुष्यास सर्व लाटा सारख्याच दिसतात. ग्रंथकारास प्रत्येक ठिकाणच्या लाटेचा स्वभाव निराळा दिसतो. वारा कोणत्या दिशेचा, ओहोटी किती उतरली, तळाशीं वाळू आहे कीं खडक, या सर्वांचा हिशेब ते असा मांडतात कीं वाचणारास आपणच पाण्यांत उभे आहों असें वाटूं लागावें. शिवाय ते आपल्या आनंदाची फुशारकी मारीत नाहींत. त्या आनंदांतला स्वार्थ, त्यापायीं दुरावलेलीं माणसें, वाया गेलेलीं वर्षें, यांचाहि ते प्रांजळपणें उल्लेख करतात.

या प्रांजळपणाचा उत्तम नमुना म्हणजे तावारुआ बेटाची हकीकत. १९७८ सालीं फिनेगन आणि त्यांचा मित्र फिजीमधील या निर्जन बेटावर पोंचले. तेथील कोळ्यांनीं त्यांना होडींतून नेऊन सोडलें. बेटावर समुद्रसर्पांचा सुळसुळाट, प्यावयाचें पाणी बरोबर नेलेलें, आणि समोर अशी लाट कीं तिच्यासारखी दुसरी त्यांनीं पाहिली नव्हती. दोघांनीं हें ठिकाण कोणास न सांगण्याचें ठरविलें. परंतु अशीं गुपितें टिकत नसतात. पुढें तेथें परदेशी मालकांचें विश्रामगृह उभें राहिलें, आणि लाटेवर जाण्याचा हक्क खोलीच्या भाड्याबरोबर विकला जाऊं लागला. ग्रंथकारास याचा संताप आला. आणि कांहीं वर्षांनीं तेहि पैसे मोजून तेथेंच पाहुणे म्हणून राहिले. ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं, याबद्दल त्यांची तारीफ केली पाहिजे.

मग आमची तक्रार कोणती? ती अशी कीं, ज्या कोळ्यांच्या होडींतून हा प्रवासी लाटेपाशीं गेला, ते कोळी त्या पाण्यांत काय करीत होते व त्या पाण्याशीं त्यांचें नातें काय होतें, याकडे ग्रंथकाराची सूक्ष्म दृष्टि पुरेशी वळत नाहीं. येथें कोणी 'कलेकरितां कला' हा जुना वाद उकरून काढील आणि म्हणेल कीं, सर्फिंगच्या पुस्तकाकडून मासेमारीच्या नीतीची अपेक्षा करणें म्हणजे भावगीताकडून ताळेबंद मागण्यासारखें आहे. आम्हांस उपदेश नको आहे. आमचा आक्षेप निरीक्षणाच्या उणीवेबद्दल आहे, आणि तो कलेच्याच कसोटीवर टिकणारा आहे.

लाट हवेंत निर्माण होत नाहीं. दूरच्या वादळानें उठविलेला तरंग शेंकडों कोस चालत येतो. पाणी उथळ होतांच त्याचा तळ अडखळतो, माथा पुढें झुकतो आणि लाट फुटते. ती कशी फुटावी हें तळाची ठेवण ठरविते. तावारुआचा तळ म्हणजे प्रवाळांचा खडक. आणि हाच खडक माशांचें घर आहे. प्रवाळांवर वाढणारें शेवाळ पोपटासारख्या चोंचीचे मासे व त्यांचे भाऊबंद कुरतडून खातात, म्हणून प्रवाळांस जागा व उजेड मिळतो. हे मासे बेसुमार मारले गेले कीं शेवाळ माजतें आणि प्रवाळ खंगतात. म्हणजे ज्या खडकामुळें लाटेस तिचा आकार आला, त्याची निगा राखणारे मजूर पाण्याखालीं आहेत. लाटेचें चरित्र लिहिणारानें तिच्या आईबापांची चौकशी करूं नये, हें चरित्रकाराचें न्यून नव्हे काय?

माणसांविषयींहि तसेंच. फिजींत किनाऱ्यालगतच्या पाण्यावर व खडकांवर मासे धरण्याचा परंपरागत हक्क त्या त्या कुळांचा असतो. अशा क्षेत्रास 'गोलीगोली' म्हणतात. विश्रामगृहाचा लाटेवरील मक्ता अशा हक्कदारांशीं केलेल्या करारावरच उभा होता, आणि २०१० सालीं सरकारनें हुकूम काढून तो मक्ता मोडला व लाटा सर्वांस खुल्या केल्या. प्रवाशांस आनंद झाला. पण लाट कोणाची, या भांडणांत मासा कोणाचा आणि तो राखावयाचा कोणीं, हा प्रश्न मागें पडला.

हा प्रश्न त्या बेटांस नवीन नव्हता. फिजींत जुनी चाल अशी कीं, एखादा सरदार मरण पावला असतां किंवा मासळी कमी झाली असतां पाण्याचा कांहीं भाग 'तांबू' करावयाचा, म्हणजे तेथें कोणी मासे धरावयाचे नाहींत. इंग्रजींतला 'टॅबू' हा शब्द याच कुळांतला. तो १७७७ सालीं कॅप्टन कुकनें टोंगा बेटांवरून नेला. ही चाल केवळ भाबडी समजूत नव्हे. १९९७ सालीं फिजींतील उदुनिवानुआ गांवच्या लोकांनीं आपल्या किनाऱ्याचा लहानसा पट्टा तीन वर्षांसाठीं बंद केला. कैकोसो नांवाचे शिंपले, आपल्याकडील तिसऱ्यांसारखेच खाण्याचे, तेथें फार कमी झाले होते. ते बंद पट्ट्यांत वाढलेच, पण शेजारच्या खुल्या भागांतहि वाढले. पुढें फिजींतील अनेक गांवांनीं हा कित्ता गिरविला.

हवाईंतहि असेंच होतें. डेव्हिड मालो या एकोणिसाव्या शतकांतील हवाईयन पंडिताच्या ग्रंथांत लाटेवरील खेळाची नोंद आहे, तशीच मासेमारीच्या निर्बंधांचीहि आहे. आकु व ओपेलु हे दोन मासे आळीपाळीनें वर्ज्य असत. एकाचा हंगाम खुला झाला कीं दुसऱ्याचा बंद होई. ज्या समाजानें लाटेवर नाचण्याची विद्या शोधली, त्याच समाजानें समुद्रापुढें हात आंखडता घेण्याचें व्रतहि पाळलें. ते निर्बंध राजवंशाच्या दंडशक्तीनें चालत व त्यांत जुलूमहि होता, हें आम्ही जाणतों. १८१९ सालीं ते मोडले गेले. पण जॅक लंडनपासून फिनेगनपर्यंतच्या वाङ्मयानें खेळ तेवढा उचलला आणि व्रत तेथेंच ठेवलें, हेंहि तितकेंच खरें.

व्रत नसलें म्हणजे काय होतें, हें कुर्लान्स्की सांगतात. न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रांत १४९७ सालीं जॉन कॅबट गेला, तेव्हां टोपली पाण्यांत सोडून कॉड मासे वर काढतां येत, अशी वार्ता युरोपांत पसरली. १८८३ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत हक्सलेसारख्या शास्त्रज्ञानें कॉडसारख्या मोठ्या मासेमाऱ्या बहुधा अक्षय असल्याचा निर्वाळा दिला. त्याच्या काळच्या होड्या व जाळीं पाहतां तो अगदीं चुकला असें म्हणवत नाहीं. पण पुढें धरलेला मासा जहाजावरच कापून गोठविणारीं प्रचंड कारखानी जहाजें आलीं. १९६८ सालीं तेथील उत्तरेकडील कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली, आणि २ जुलै १९९२ रोजीं कॅनडा सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. सुमारें ३०,००० माणसांचा रोजगार गेला. ही बंदी उठावयास २०२४ साल उजाडलें. आणि त्या वर्षीं परवानगी मिळाली ती १८,००० टनांची.

कुर्लान्स्की यांची शैली खेळकर आहे, माहिती विपुल आहे, आणि व्यापार, युद्धें व उपासाचे दिवस यांची सांगड त्यांनीं मोठ्या कौशल्यानें घातली आहे. पण उणें येथेंहि आहेच. त्यांचा समुद्र म्हणजे एक कोठार; तें कोणीं भरलेलें पाहिलें व कोणीं रिकामें केलें, याचा इतिहास ते सांगतात, परंतु त्या पाण्यावर कोणाचा जीव जडला असेल असें क्वचितच भासतें. माशाच्या ऱ्हासाबद्दल हळहळ वाटत असतांना मध्यें मध्यें त्याच माशाच्या पाककृति येतात, तेव्हां हंसावें कीं रडावें हें समजत नाहीं. एका पुस्तकांत आनंद आहे पण हिशेब अपुरा. दुसऱ्यांत हिशेब चोख आहे पण आनंद थोडा. आणि ज्यावर आपलें प्रेम नाहीं त्याच्यासाठीं मनुष्य व्रत पाळीत नसतो, म्हणून पहिल्या पुस्तकाची गरज दुसऱ्यानें भागत नाहीं.

हें सर्व दूरदेशचें आहे असें समजून आमच्या वाचकांनीं निश्चिंत होऊं नये. आपल्याकडील कोळी पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून पुन्हां दर्यांत शिरत. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस जी बंदी असते, तींत या जुन्या रीतीचाच अंश आहे. महाराष्ट्रानें २०२३ सालीं रुपेरी पापलेट हा राज्याचा मासा ठरविला. मान दिला हें ठीक. परंतु तळहाताएवढेंहि न झालेलें, अद्याप एकदांहि अंडीं न घातलेलें पापलेट बाजारांतून आपल्याच घरांत येतें, आणि आपण फक्त भावाची घासाघीस करतों. समुद्र पाहून भारावून जाणारे आपण आणि लाटेवर स्वार होणारा तो प्रवासी, यांत मग अंतर तें किती?

म्हणून हीं दोन्ही पुस्तकें वाचावींत, अशी आमची शिफारस आहे. क्रम विचाराल तर आधीं फिनेगन, मग कुर्लान्स्की. आणि त्यानंतर फिनेगन यांचें तावारुआचें प्रकरण पुन्हां एकदां. दुसऱ्या वाचनांत लाट पूर्वीइतकीच सुंदर वाटते, असा आमचा अनुभव आहे; मात्र आतां ती होडी परत जातांना दिसते, आणि तींतले कोळी कोठें चालले असतील, असा विचार मनांत येतो.